शंभरी

लेम्पी कांगासला शंभर वर्षं पूर्ण झाली
त्या दिवशी आमच्या तक्त्यानुसार ती वारली.

चेक टपालानेही गेला असता.
पण तिचं खातं माझ्या वडिलांच्या वहीतलं,
म्हणून मीच निघालो.
कॅल्युमेटच्या वरच्या गल्लीत बर्फ खिडक्यांच्या गळ्याशी आलेला,
आणि तिच्या दारापर्यंत
कुणीतरी फावड्याने कोरलेली एका माणसापुरती वाट.

सन अठ्ठेचाळीस. ती एकोणतीस वर्षांची. महिना तीन डॉलर.
वडील पायपुसण्यावर उभे राहूनच पैसे घ्यायचे,
बुटांचं पाणी फरशीवर नको म्हणून,
आणि कानामागची पेन्सिल काढून फुली मारायचे.
त्यांनी तिला समजावलं होतं, ती सांगते, दोन वाक्यांत:
"मुदतीचा विमा म्हणजे सरोवरावरचा बर्फ,
मार्चपर्यंत ट्रकसुद्धा पेलतो.
हा पूल आहे. महाग आहे."

शेजारच्या हिल्याच्या नवऱ्याने बर्फ घेतला.
वीस वर्षं तो ठणठणीत राहिला.
एकविसाव्या वर्षी एप्रिलात खोकत खाणीतून वर आला,
मे काही त्याने पाहिला नाही.
कंपनीने हिल्याला दुखवट्याचं कार्ड पाठवलं.
कागद चांगला होता, असं हिल्या म्हणायची.

लेम्पीचा हप्ता तीनचा तीनच राहिला.
पाव महागला, कोळसा महागला, मीठसुद्धा.
खाण बंद पडली त्या हिवाळ्यात
तिने याच कागदावर सहाशे उचलले,
आपल्याच मरणाकडून हातउसने,
आणि छपरावर नवे पत्रे घातले.
फेडायला सहा वर्षं लागली.
"पैसा माझा, आणि व्याजही मीच द्यायचं?"
वडिलांना उत्तर आलं नव्हतं.
मला येतं. मी देत नाही.

मग एइनो गेला. मग थोरला मुलगा,
ज्याचं नाव वारस म्हणून लिहिलं होतं.
वारसाच्या रकान्यात तीनदा खाडाखोड आहे,
प्रत्येक वेळी शाई वेगळी.
हप्त्याच्या फुल्या मात्र एकापुढे एक,
मुंग्या चालाव्यात तशा.

आयुष्यभर म्हणजे किती,
हे कंपनीला कुठेतरी लिहावं लागतंच.
तेव्हाच्या कुणा कारकुनाने शंभरच्या पुढे
जिवंत: शून्य, असं लिहिलं,
खाली रेघ मारली
आणि तो जेवायला गेला असणार.
शंभरी भरली म्हणतात ती अशी भरते,
कुणाचा काही गुन्हा नसताना.

तिने चष्मा पुसला. चेक दोनदा वाचला.
लाभांश धरून पाच हजार दोनशे अकरा, चाळीस सेंट.
"म्हणजे मी मेले?"
"कागदोपत्री."
"आणि खरी मेले की?"
"तेव्हा काही नाही. हेच ते."
वेलदोड्याच्या पावाचा तुकडा तिने माझ्या बशीत सरकवला.

मग मला ते सांगावं लागलं, जे टपालात छोट्या अक्षरांत असतं:
भरले त्याहून वरचे जितके, त्यावर कर बसेल.
"मेलेल्याच्या पैशावर कर नसतो. तुझे वडीलच म्हणाले होते."
"नसतो. पण तुम्ही जिवंत आहात."
ती हसायला लागली. कप ठेवावा लागला तिला.
"कंपनीला मेले, सरकारला जिवंत!
एइनोला हे कळायला हवं होतं."

बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.
छपरावरून बर्फाचा एक थर घसरला,
पत्रे वाजले.
"बघ," ती म्हणाली, "ते सहाशे अजून वर आहेत."

निघताना मी पायपुसण्यावर थांबलो,
हात आपोआप कानामागे गेला. तिथे काही नव्हतं.
"पुढच्या महिन्यात येशील?"
"आता कशाला?"
"कॉफीला," लेम्पी म्हणाली.
"तीन डॉलर या वेळी तू आण."